मांजरखडकाकडचं पाणी

७ फेब्रुवारी १९६०, रविवार

जेवायला अकराच. बाकीचे सभेला. कुळथाची पिठी उरली.

हात धुतल्यावर दत्ताराम थांबला. आमच्या कोंडवेळ ग्रामस्थ मंडळाचा हा सेक्रेटरी, मिलमध्ये टाइमकीपर, माझ्या खानावळीत नऊ वर्षं जेवतो. म्हणाला, "वयनी, मंडळ गावाचां माहितीपत्रक काढतला. मुंबयचे लोक मे महिन्यात हवा खावक जातत, ते आमच्याकडे येवक होये. पण लिवतलां कोण? आमच्यात तुमच्याएवढां वाचणारां कोण नाय."

मी म्हटलं, मी वाचते. लिहीत कुठे?

"मगे ह्या काय?" वहीकडे बोट.

ही वही म्हणजे काय, आमटीत मीठ किती पडलं ते. हे गेल्यावर बोलायला कोणी उरलं नाही म्हणून धरली. पण हो म्हटलं. का म्हटलं, ते आता कळत नाही.

१० फेब्रु., बुध.

पत्रकाची पाटी कोरी. गावाला जाऊन पाच वर्षं होतील. त्यातली पहिली दोन ह्यांच्या खोकल्यात गेली, नंतरची तीन अशीच.

सकाळी भाकऱ्या थापताना मात्र सगळं दिसत होतं. बोट लांब समुद्रात उभी राहायची, मग वल्ह्यांच्या पडावात उतरायचं, पडाव वाळूला लागला की तांडेलाच्या खांद्याला धरून पाण्यात पाय. लग्नानंतर पहिल्यांदा उतरले तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. हे किनाऱ्यावर उभे राहून हसत होते. अजूनही सासरचं पहिलं माणूस म्हणून मला समुद्रच आठवतो, सासूबाई नंतर.

हे पत्रकात घालायचं नाही.

१४ फेब्रु., रवि.

जेवणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. एकेकाला भात वाढता वाढता एकेक प्रश्न.

घरं किती? कोणी ऐंशी म्हणतो, कोणी शंभर. पुरुष किती? यावर सगळे हसले. सखाराम म्हणाला, "पुरुष हयसर जेवतत, वयनी. गावात उरलेत भट, पोस्टमास्तर आणि पांडू तांडेल. तिघांचे मिळून दात धा." सखाराम मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर काम करतो, वयानं सगळ्यांत मोठा. बोलला की बाकीचे गप्प ऐकतात.

लिहून घेतलं:
— पोस्टमास्तर. पोस्ट, किराणा आणि अडाण्यांची पत्रं वाचून दाखवणं, तिन्ही एकाच खिडकीतून. वाईट बातमी असली की आधी गूळ देतो.
— पांडू तांडेल. पाहुण्यांना होडीतून फिरवतो. मुंबईच्या माणसाला उलटी झाली की खूष होतो, म्हणतो आता समुद्र ह्याच्या ओळखीचा झाला.
— बायका. मे महिन्यात पुढची खोली पाहुण्यांना देतात आणि स्वतः मुलांसकट गोठ्याच्या पडवीत झोपतात. पाहुणे विचारतात, घरात पुरुष कुठे? मुंबईला. मग पाहुणे म्हणतात, आम्हीपण मुंबईचेच! दोन्हीकडून हसणं. आत जाऊन बाई भात उतरवते.

शेवटचं लिहिलं आणि खोडलं. पाहुण्यांना असलं वाचायला आवडणार नाही.

१८ फेब्रु., गुरु.

चाळीच्या मालकीणबाईंकडून जुनी दौत आणली. पत्रकाची शैली साधणं कठीण. वाचनालयातल्या एका प्रवासाच्या पुस्तकासारखं लिहून बघितलं, "निळ्याशार सागराची गाज" वगैरे. वाचलं तर लाज वाटली. आमचा समुद्र बहुतेक वेळ राखाडी असतो.

मग जसं आहे तसं लिहिलं. देवळापासून खाली वाट, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, उंडीची झाडं, मग एकदम पुळण, नुसती वाळू. उजव्या हाताला मांजरखडक. पाय पोटाशी घेऊन बसलेल्या मांजरासारखा दिसतो, भरती आली की शेपूट बुडते. "खडकाच्या आतल्या अंगाला पाणी गुडघाभर व संथ असते. लहान मुलांसही तेथे भीती नाही. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी तेथेच उतरावे."

तिथंच हे मला पाण्यात न्यायचे. सकाळी, कोणी नसताना. मी घाबरले की म्हणायचे, बघ, माझे गुडघे दिसतायत ना? मग?

सगळ्यांना वाचून दाखवलं. खडकाचं आलं तसे सगळे माना डोलवायला लागले. "व्हय व्हय, थंयच आमी पोवाक शिकलो." सखाराम जेवायचा थांबला. सुकट गार झाली तरी तिकडंच बघत होता, म्हणजे भिंतीकडे.

६ मार्च, रवि.

पत्रक छापून आलं. आठ पानं, पिवळं कव्हर. माझं नाव नाही. "संकलन: मंडळ" असं आहे. दत्ताराम म्हणाला, बाईमाणसाचं नाव कशाला उगाच. मला तसं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

राहायची सोय म्हणून घरांची यादी आहे. पहिलंच आमचं. "समुद्राकडची स्वतंत्र खोली, हवेशीर." जाऊबाईंनी पोस्टमास्तरांकडून कळवलंय. ती खोली आमची. ह्यांचा कोट तिथं खुंटीला असेल अजून. किंवा नसेल.

सखाराम शिमग्याला गावाला निघाला. त्याच्याबरोबर जाऊबाईंना लुगडं आणि पत्रकाची एक प्रत पाठवली.

२४ मार्च, गुरु.

पत्र आलं. मला! मंडळाच्या पत्त्यावर, "पत्रक लिहिणाऱ्या व्यक्तीस" असं. दत्तारामनं आमटीच्या वाटीशेजारी आणून ठेवलं.

गिरगावातल्या एका मालतीबाईंचं आहे. मुलींच्या शाळेत शिकवतात. अक्षर फार सुरेख. लिहितात: "आम्हाला गाव नाही. सुट्टी लागली की शेजारी आपापल्या गावी जातात आणि माझ्या मुली जिन्यात बसून राहतात. तुमचे पत्रक वाचनालयात मिळाले. धाकटीला मांजरखडकाचे पान पाठ झाले आहे. आम्हा तिघींनाही पोहता येत नाही, म्हणून तुम्ही सांगितले तेथेच उतरू. मे महिन्यासाठी यादीतली पहिली खोली मंडळामार्फत ठरवली आहे. हे कोणी लिहिले ते कळेल का? ज्याने लिहिले त्याचे त्या जागेवर फार प्रेम असावे."

तीनदा वाचलं. ह्यांच्या फोटोसमोर एकदा मोठ्यानं वाचलं. शेजारच्या खोलीत ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

२८ मार्च, सोम. पाडवा.

श्रीखंड केलं नाही, खीर. सगळे खूष, गप्पा एकच, आता महाराष्ट्र मिळणार, मेच्या एक तारखेला. हे किती मोर्च्यांना गेले. खोकत जायचे, घसा बसवून यायचे.

मालतीबाईंना उत्तर लिहायला घेतलं. तीन ओळींपुढे जाईना. काय लिहायचं, मी खानावळ चालवते? राहिलं.

३ एप्रिल, रवि.

सखाराम परत आला. पंधरा दिवस जास्त राहिला म्हणून खात्यात बोलणी खाल्ली. फणसाच्या आठळ्या आणल्या, जाऊबाईंकडून आमसुलं.

जेवताना मी सहज विचारलं, मांजरखडकाकडे गेला होतात का?

"थंय? थंय आता कोण जाणा नाय, वयनी."

का?

"खाडीचां त्वांड फिरलां. दोन पावसाळे झाले. वाळूचो दांडो फुटलो आणि खाडी आता खडकाच्या पोटाखालसून व्हावता. वरसून पाणी संथ दिसता, पण ओहोटीक असां ओढता की पांडू तांडेलाची रिकामी होडी गेली. उधाणाक तर बघूकच नको."

माझ्या हातातली पळी तशीच. म्हटलं, मी वाचून दाखवलं तेव्हा माना डोलावल्यात ना सगळ्यांनी?

सखारामनं उचललेला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "आमी गणपतीक जातो, तेव्हा दर्या खवळलेलो. शिमग्याक जातो, तेव्हा देवळात. पुळणीर कोण गेलो? तुमी वाचलात तेव्हा माका माझो बापूस दिसलो थंय. मी मान हलयलंय ती त्येका बघून."

मग गावच्यांनी कसं सांगितलं नाही? पत्रक तर पाठवलं होतं.

"बायकांक वाचूक येता? पोस्टमास्तर कव्हर बघून म्हणालो, झकास."

चौदा माणसं जेवली. एकाही माणसानं ते पाणी पाच-सात वर्षांत पाहिलेलं नव्हतं, आणि सगळ्यांनी खात्रीनं सांगितलं. लिहिलं मी.

१० एप्रिल, रवि.

मंडळाची बैठक. खोलीत बायका बसत नाहीत, दारात उभी राहिले. म्हटलं, ते पान काढा किंवा दुरुस्ती छापा.

दत्ताराम: "आणि काय छापूचां? हयसर माणूस बुडता? मगे कोण येतलो?"

एक जण म्हणाला, येणाऱ्याला गावात कोणीतरी सांगेलच. मी म्हटलं, कोण सांगेल? मे महिन्यात बाया पाहुण्यांच्या चहाच्या मागे असतात. आणि गावाला वाटतं, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

शेवटी ठरलं: उरलेल्या प्रती माझ्याकडे द्यायच्या, मी हातानं सुधारायच्या. आणि या मे महिन्यात एकच कुटुंब ठरलंय, मालतीबाईंचं, त्यांना दत्ताराम स्वतः कळवणार. "सेक्रेटरीचां काम आसा ता, वयनी. तुमी घोर करू नको."

विश्वास ठेवला.

१७ एप्रिल, रवि.

रोज दुपारी प्रती सुधारते. "भीती नाही" यावर रेघ, वर लिहायचं: "येथे उतरू नये. खाडीची ओढ आहे." प्रत्येक प्रतीत तेच वाक्य खोडायचं. माझं सगळ्यांत चांगलं वाक्य होतं ते.

गेले काही दिवस डोळे मिटले की हे खडकाजवळ उभे दिसायचे. आता पाय दिसत नाहीत. पाणी काळं आहे.

२४ एप्रिल, रवि.

दत्तारामला विचारलं, कळवलंत? तो पताकांचे कागद कापत होता. आधी म्हणाला, हो, कळवतो. मग म्हणाला, "वयनी, खरां सांगू? येळच गावलो नाय. एक तारीख तोंडार इली. आख्खो महाराष्ट्र होता आणि तुमका एका खडकाची पडलीहा."

चूक माझी आहे. त्याला तरी काय बोलू. पण बोलले. म्हटलं, उद्या जेवायला येऊ नका. आयुष्यात कोणाला असं म्हटलं नव्हतं.

लगेच पत्र लिहिलं. या वेळी तीन ओळींना अडखळले नाही. "मी लिहिले ते चुकीचे आहे. तेथे उतरू नका. मुलींना नेऊ नका. लिहिणारी मीच." पेटीत टाकून आले.

२९ एप्रिल, शुक्र.

उत्तर नाही. दुपारची जेवणं उरकून ट्राममधून गेले, पुढे चालत गिरगावात. वाडी सापडली. दुसरा मजला, दाराला कुलूप.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. "मालतीबाई? त्या मंगळवारीच पुण्याला गेल्या हो, बहिणीकडे लग्न आहे. उद्या सकाळी परत येतील आणि तशाच बोटीवर. घरी यायच्या नाहीत. मुलींनी पेट्यासुद्धा बरोबर नेल्यात, इतकी घाई! तुम्ही कोण?"

काय सांगावं. म्हटलं, ओळखीची.

"मग बरं झालं. हे त्यांचं एक पत्र आलंय बुधवारी, तेवढं तुम्हाला भेटल्या तर द्या."

माझंच पत्र तिनं माझ्या हातात ठेवलं.

जिन्यात जरा बसले. पायरी गुळगुळीत झालेली, एका कोपऱ्यात खडूनं मांजर काढलेलं. शेपूट पाण्यात.

३० एप्रिल, शनि.

पहाटेच भाकऱ्या करून ठेवल्या, वाढायचं सखारामला सांगितलं. भाऊच्या धक्क्यावर सातला पोचले. सुट्टीची गर्दी, पेट्या, वळकट्या, आंब्यासाठी रिकाम्या करंड्या. फाटकाच्या आत तिकिटाशिवाय सोडेनात.

मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. हे तिथं उभी राहिल्यावर लक्षात आलं. अक्षर ओळखीन, तोंड नाही. दोन मुली आणि आई दिसली की विचारायचं. "मालतीबाई का?" एक म्हणाली, नाही हो, आम्ही विजयदुर्गच्या. एक नुसतीच रागावली. शेवटी हाका मारल्या, नाव घेऊन. एवढ्या मोठ्यानं मी ह्यांनासुद्धा कधी हाक मारली नव्हती. ह्यांचं तर नावही घेत नव्हते. भोंगा झाला, त्यात माझा आवाज कुठला.

बोट वळली. कठड्याशी पुष्कळ मुली हात हलवत होत्या. सगळ्याच मालतीबाईंच्या असतील असं वाटलं.

तिथून तारऑफिसात, मालतीबाईंच्या नावानं गावच्या पत्त्यावर तार करायला. कारकुनानं वाचलं, "मांजरखडक? बाई, तारेत मांजर?" मी म्हटलं, आहे तसं लिहा. तो म्हणाला, तुमच्या गावाला तारऑफिस नाही, तालुक्याहून माणूस घेऊन जाईल. त्यात उद्या रविवार, सगळीकडे समारंभ. "पोचेल. कधी ते सांगत नाही." माणूस सरळ होता.

१ मे, रवि.

महाराष्ट्र झाला. चाळीत रोषणाई, दारोदार रांगोळ्या, लेझीम. समोरच्या बाईंनी पेढा दिला. ह्यांच्या फोटोला हार घातला. म्हटलं, झालं बघा तुमच्या मनासारखं.

दत्ताराम गुलाल लावलेला दारात आला, आत येईना. "वयनी, आज तरी वाढा."

वाढलं. जेवला. जाताना म्हणाला, "तार केलास मां? पोचतली." मी मान हलवली. पुन्हा सगळे मान हलवतोय.

गाव या वेळी काय करत असेल? देवळाशी झेंडा, पोस्टमास्तरचं भाषण. मुली आमच्या खोलीत पेट्या उघडत असतील. खिडकीतून खडक दिसतो.

६ मे, शुक्र.

जाऊबाईंचं कार्ड. पोस्टमास्तरांच्या अक्षरात, २ तारखेचं.

"पाहुणे सुखरूप आले. बाई फार चांगली. मुली गोड, धाकटी भावोजींच्या कोटाशी बोलते. कोट खुंटीलाच आहे, काढला नाही. बाई तुमचे पिवळे पुस्तक घेऊन गावभर फिरते, वाचते आणि बघते. पोस्टाची खिडकी बरोबर, तांडेल बरोबर, म्हणते बाई सगळे अगदी लिहिल्याप्रमाणे आहे. मुलींना सर्दी म्हणून पाण्यात अजून नाही. दोन-चार दिवसांनी उतरू म्हणतात."

तारेबद्दल शब्द नाही. कार्ड निघालं तेव्हा पोचलीच नसेल. नंतर पोचली का?

मी इतकं बरोबर लिहायला नको होतं. दोन-चार गोष्टी चुकल्या असत्या तर तिनं खडकाचंही कोणाला तरी विचारलं असतं.

७ मे, शनि.

सखाराम ताट बाजूला सारून म्हणाला, "बुधवारी पुनव. उधाण." एवढंच. मलाही तेच माहीत होतं.

दत्ताराम म्हणाला, "जाऊबाय आसा ना थंय? ती सांगात."

तिला काय माहीत, पुस्तकात काय लिहिलंय. तिला वाचता येत नाही, आणि बाई रोज तिला पुस्तकातलं हसू येणारं तेवढंच वाचून दाखवत असेल. खडकाचं पान मुली आपल्या आपण म्हणतात. पाठ आहे.

मी म्हटलं, सोमवारच्या बोटीनं मी जाते.

सखाराम: "आणि आमचां जेवाण?" आणि स्वतःच हसला. दत्ताराम उठला, म्हणाला तिकीट मी काढून आणतो. आणलं.

८ मे, रवि.

खानावळ आठ दिवस बंद. पाटीवर लिहिलं. समोरच्या गल्लीत बुद्धजयंतीच्या पताका लावतायत, तिथल्या एक बाई विचारायला आल्या, मोठं पातेलं मिळेल का खिरीला. दिलं. म्हणाल्या, गावाला निघालात? बरं आहे, जरा हवापालट.

हे गेल्यापासून तीन वर्षं मी गावाला गेले नाही. म्हणायची, खानावळ कोण बघेल. खरं म्हणजे त्या पुळणीवर एकटी उतरायची नव्हती. इथं बसून ते पाणी जसंच्या तसं राहील असं वाटायचं. मी न गेल्यानंच ते राहतंय, असं.

९ मे, सोम. धक्क्यावर.

बोट लागली आहे, अजून आत सोडत नाहीत. वळकटीवर बसून लिहितेय. उद्या दुपारपर्यंत पोचेन. उधाण परवा.

मिळाली असेल का तार? सर्दी गेली असेल का मुलींची? सर्दी राहू दे देवा. असलं काही मागितलं नव्हतं कधी.

उतरल्यावर घरी आधी जाणार नाही. पडावातून सरळ खडकाकडे. भिजेल लुगडं, भिजू दे. या वेळी किनाऱ्यावर हसायला कोणी नाही.

बाईंना मी ओळखत नाही, त्या मला ओळखत नाहीत. काय सांगायचं ते ठरवलंय. मंडळाची म्हणून नाही, जाऊबाईंची कोण म्हणूनही नाही. "ते मी लिहिलं." बस.

पण आधी मोजीन. मुली दोन आहेत. दोन दिसल्या की मग बोलेन.

फाटक उघडलं.